व्हीएमची डिस्क छोटी करायची, पण विंडोज चालू राहिलं पाहिजे

या आठवड्याच्या व्हिडिओत मी जे स्क्रीनवर करून दाखवलं, तेच इथे सावकाश लिहून काढतोय. कमांडचं अचूक स्पेलिंग व्हिडिओत मोठ्या अक्षरात आहे, ते पॉज करून उतरवून घ्या. इथे मी कुठली कमांड कशासाठी आणि कुठल्या क्रमाने, ते सांगतो. कारण या कामात स्पेलिंग चुकलं तर कॉम्प्युटर नुसता एरर देतो. क्रम चुकला तर विंडोज जातं.

सुरुवात एका फोनने झाली. आमच्या बाजारपेठेत पेंट-हार्डवेअरचं दुकान असलेले एक काका आहेत, माझ्या जीएसटीच्या बॅचला येऊन गेलेले. म्हणाले, "अहो सर, ते डब्यातलं विंडोज आहे ना, ते उघडतच नाही. मध्येच थांबतंय. आणि सीएने 2019-20 ची बिलं मागितलीत."

डब्यातलं विंडोज म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आपल्या भाषेत व्हीएम. काकांचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नव्या पीसीवर चालत नव्हतं, म्हणून कोणीतरी त्यांना व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज 10 टाकून त्यात ते बसवून दिलं होतं. चांगली कल्पना आहे, मी पण हेच सुचवतो. जीएसटीच्या कायद्यात हिशोबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवायला सांगितली आहेत. 2019-20 च्या वार्षिक रिटर्नची मुदत वाढत वाढत 31 मार्च 2021 झाली होती. म्हणजे ती पुस्तकं मार्च 2027 पर्यंत हाताशी हवीत, आणि केस-अपील चालू असेल तर त्याच्याही पुढे. सॉफ्टवेअर बदललं म्हणून ही जबाबदारी सुटत नाही.

दुकानात जाऊन बघितलं. नवीन पीसी, 512 जीबीची एसएसडी, आणि सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. जेमतेम 11 जीबी शिल्लक. त्यात एकच फाइल 300 जीबीची. व्हीएमच्या आत गेलो तर विंडोज, बिलिंग सॉफ्टवेअर, सगळं धरून वापर 38 जीबी! उरलेले 260 जीबी हवेला दिलेले.

पुढे जाण्याआधी एक कबुली. मी बीबीए केलंय, इंजिनिअर नाही. हे सगळं दुकान चालवता चालवता, चुका करत शिकलो. आणि यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतःच्या व्हीएमवर केली आहे. ट्रेनिंगसाठी बनवलेली सरावाची कंपनी, तीन महिने बसून घातलेल्या एंट्र्या, सगळं एका रात्री साफ. ते कसं झालं ते पुढे जागेवर सांगतो.

आधी समजून घ्या: माप दोन आहेत

व्हीएमच्या डिस्कला दोन मापं असतात. एक म्हणजे आतल्या विंडोजला दिसणारी क्षमता. दुसरं म्हणजे तुमच्या खऱ्या हार्डडिस्कवर त्या फाइलने अडवलेली जागा. लोक या दोन्हीला "साइज" म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

गोडाऊनचं उदाहरण घ्या. तुम्ही मालकाशी करार केला की मला 300 रॅकपर्यंत माल ठेवता येईल. जेवढे रॅक वापरले तेवढंच भाडं, तर ती डायनॅमिक डिस्क. 300 रॅक पहिल्या दिवसापासून तुमच्या नावाने अडवून ठेवले, माल असो वा नसो, तर ती फिक्स्ड डिस्क. काकांची फिक्स्ड होती. ज्याने बसवून दिली त्याने "फास्ट चालेल" म्हणून तो पर्याय निवडला असावा. एसएसडीवर बिलिंगसारख्या कामात तो फरक जाणवत सुद्धा नाही.

डायनॅमिकमध्येही एक गोम आहे. माल आला की रॅक वाढतात, पण माल गेला की रॅक आपोआप परत जात नाहीत. आतून तुम्ही 50 जीबीची फाइल डिलीट केली तरी बाहेरची फाइल तेवढीच राहते, कारण विंडोज डिलीट करताना फक्त यादीतून नाव खोडतं. मूळ डेटा तिथेच पडून असतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला कळत नाही की तो आता कचरा आहे.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला नक्की काय कमी करायचंय? दहातल्या आठ जणांना फक्त बाहेरची फाइल लहान हवी असते. त्यांनी क्षमतेला हात लावायची काहीच गरज नाही आणि त्यांचं विंडोज मोडायचा धोका जवळजवळ नाही.

सोपा रस्ता: कॉम्पॅक्ट

माझ्या ट्रेनिंगच्या व्हीएमची गोष्ट. क्षमता 120 जीबी, डायनॅमिक, बाहेरची फाइल फुगून 91 जीबी, आत वापर 34 जीबी. मी काय केलं? व्हीएमच्या आत डिस्क क्लीनअप चालवलं, विंडोज अपडेटचा जुना कचरा काढला. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीने हायबरनेट बंद केलं. त्याने हायबरफिल नावाची काही जीबींची लपलेली फाइल जाते. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं एसडिलीट हे छोटं टूल, डॅश झेड लावून, सी ड्राइव्हवर चालवलं. हे टूल रिकाम्या जागेवर शून्यं लिहितं. झेडच लावायचं बरं का. डॅश सी लावलं तर ते शून्यांऐवजी दुसराच कचरा लिहितं आणि आपलं काम उलटं होतं.

हे चालू असताना बाहेरची फाइल तात्पुरती आणखी फुगू शकते, म्हणून होस्टवर म्हणजे खऱ्या पीसीवर थोडी जागा आधी मोकळी करून ठेवा. मग व्हीएम पूर्ण शटडाउन करून होस्टवर व्हीबॉक्समॅनेजची मॉडिफायमीडियम कमांड, पुढे फाइलचा पत्ता अवतरणचिन्हात, शेवटी डॅश डॅश कॉम्पॅक्ट. 91 जीबीची फाइल 36 वर आली. पार्टिशनला हात लागला नाही, बूटला हात लागला नाही. हे फक्त व्हीडीआय प्रकारच्या फाइलवर चालतं, एवढं लक्षात ठेवा. आणि स्नॅपशॉट घेतलेले असतील तर आधी ते डिलीट करा. घाबरू नका, स्नॅपशॉट डिलीट केला म्हणजे आजची स्थिती जात नाही. ती मूळ फाइलमध्ये मिसळली जाते, फक्त मागे जायचा रस्ता बंद होतो.

एवढ्यावर तुमचं काम झालं असेल तर पुढचं वाचून सोडून द्या, करू नका.

मग काकांचं का नाही भागलं?

काकांची डिस्क फिक्स्ड होती, तिची डायनॅमिकमध्ये कॉपी काढता आली असती. पण त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर रोज बंद करताना सी ड्राइव्हमध्येच बॅकअपची एक झिप टाकतं आणि जुन्या झिप कधीच काढत नाही. 300 जीबीची परवानगी ठेवली असती तर दोन-तीन वर्षांत परत तेच. आणि होस्टची डिस्क भरली की व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम मध्येच थांबवून ठेवतं. म्हणून वर झाकण हवं होतं. क्षमताच 80 जीबी.

आता अडचण अशी, की व्हर्च्युअलबॉक्समध्ये रिसाइझ फक्त वाढवायला चालतं. 80 आकडा टाकला तर ते सरळ नाही म्हणतं. हे मला पूर्वी त्यांचं अडेलतट्टूपण वाटायचं, आता शहाणपण वाटतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरला माहीत नसतं की आत कुठपर्यंत माल ठेवलाय. शेवटचे 220 रॅक कापून टाकले आणि त्यात माल असला तर? हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स फाइलला श्रिंकचा पर्याय मिळतो, पण तोही डिस्कच्या शेवटी जागा खरोखर मोकळी सोडलेली असेल तरच. आणि लिनक्सवाल्या क्यूईएमयूमध्ये श्रिंक म्हणून वेगळं लिहून द्यावं लागतं, म्हणजे "हो, मला कळतंय मी काय करतोय" अशी सही.

विंडोज बूट होतं म्हणजे काय होतं

हे पाच मिनिटं समजून घ्या. बाकी सगळं यावरच उभं आहे.

आजकालच्या यूईएफआय पद्धतीत डिस्कवर जीपीटी नावाचा तक्ता असतो, कुठलं पार्टिशन कुठे सुरू, कुठे संपतं त्याचा. हा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असतो आणि त्याची एक जादा प्रत अगदी शेवटच्या टोकाला असते. शेवटचं टोक कापलं की ती प्रत गेली. पहिला धोका हा.

पार्टिशन साधारण असे: पहिलं 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन, मग 16 एमबीचं राखीव, मग तुमचा सी ड्राइव्ह, आणि नव्या विंडोज 10 मध्ये सगळ्यात शेवटी पाचेकशे एमबीचं रिकव्हरी. चालू केल्यावर मशीन ईएफआय पार्टिशनमधला बूट मॅनेजर उचलतं. तो बीसीडी नावाची एक वही वाचतो. त्या वहीत विंडोज कुठे आहे ते लिहिलेलं असतं, पण "सी ड्राइव्ह" असं नाही. डिस्कचा आणि पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक लिहिलेला असतो. तुम्ही फाइल्स कॉपी करून नवीन पार्टिशनमध्ये टाकल्या तर सगळा डेटा असतो, पण ओळख क्रमांक बदललेला. वही जुन्या पत्त्यावर जाते, दार वाजवते, कोणी नाही. मग निळा स्क्रीन. दुसरा धोका हा.

जुन्या बायोस पद्धतीत, म्हणजे विंडोज 7 च्या काळातल्या बऱ्याच मशीनमध्ये, एमबीआर तक्ता असतो. तिथे वहीत डिस्कची सही आणि पार्टिशन कुठल्या जागेवर सुरू होतं ते लिहिलेलं असतं. तिथे सी ड्राइव्हची सुरुवात डावीकडे-उजवीकडे सरकवली की बूट गेलं. म्हणून माझा नियम: कापायचं ते फक्त उजव्या टोकाने. कुठल्याही पार्टिशनची सुरुवात हलवायची नाही, आणि कॉपी करायची तर फाइल-फाइल नाही, जशीच्या तशी, सेक्टरला सेक्टर.

तुमचं मशीन कुठल्या पद्धतीचं आहे? व्हीएमच्या आत रनमध्ये एमएसइन्फो32 टाका, बायोस मोडसमोर यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असेल. कागदावर लिहून ठेवा.

काकांच्या दुकानात

शनिवारी रात्री शटर ओढून बसलो. सोबत 1 टीबीची बाहेरची हार्डडिस्क. व्हीएम शटडाउन केली आणि तिचा अख्खा फोल्डर हार्डडिस्कवर कॉपीला लावला. 300 जीबी, तासाच्या वर वेळ. काका म्हणाले, "सर, एवढा वेळ नुसती कॉपीच?" म्हटलं काका, आज रात्री काही फिस्कटलं तर ही कॉपी म्हणजे तुमची 2019-20 ची बिलं आहेत. मग त्यांनी चहा सांगितला. ती कॉपी माझ्या लॅपटॉपला जोडून एकदा चालू करून बघितली. न तपासलेला बॅकअप आणि न मोजलेली रोकड सारखीच. (तपासायला त्याच पीसीवर तीच फाइल जोडलीत तर व्हर्च्युअलबॉक्स म्हणेल यूयूआयडी आधीच आहे. म्हणून दुसऱ्या मशीनवर तपासणं सोपं.)

मग व्हीएमच्या आत. बिटलॉकर बंद आहे ना ते बघितलं. चालू असेल तर आधी पूर्ण काढा. हायबरनेट बंद, त्याने फास्ट स्टार्टअपही बंद होतं. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. विंडोज म्हणालं, मी फक्त 140 जीबी कमी करू शकतो. अहो, 260 मोकळे आहेत ना! इथे बरेच जण अडकतात आणि कुठलं तरी फुकटचं पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवतात. थांबा. काही फाइल्स विंडोज चालू असताना हलवता येत नाहीत, आणि त्यातली एखादी डिस्कच्या मध्यावर बसली असेल तर श्रिंक तिथपर्यंतच होतं. कुठली फाइल ते इव्हेंट व्ह्यूअर सांगतो: विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, आणि 259 नंबरचा इव्हेंट शोधा. काकांच्या मशीनमध्ये पेजफाइल निघाली. ती तात्पुरती बंद केली, सिस्टिम रिस्टोरही बंद केलं, रीस्टार्ट, परत श्रिंक. आता हवं तेवढं मिळालं. सी ड्राइव्ह 70 जीबीवर आणला.

70 का, डिस्क तर 80 ची करायची आहे ना? मुद्दाम. 10 जीबीची शिवण सोडलीय. शिंपी सुद्धा कापड मापाला तंतोतंत कापत नाही. उरलेली जागा नंतर सी ड्राइव्हला एक्सटेंड करून जोडता येते, पण कमी पडलं तर काही करता येत नाही.

आता रिकव्हरी पार्टिशन. सी ड्राइव्ह आकसला, पण रिकव्हरी अजून 300 च्या टोकाला बसलेलं, मधे मोठी मोकळी जागा. बऱ्याच जणांचं लक्ष इथेच चुकतं. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी, स्लॅश डिसेबल. त्याने रिकव्हरीची फाइल परत सी ड्राइव्हमध्ये येते. मगच डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन निवडून डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. निवडल्यावर डिटेल पार्टिशन टाकून आकार बघा, पाचेकशे एमबीचं आहे ना, आणि मगच डिलीट. 100 एमबीचं ईएफआय चुकून उडवलं तर बूटची वहीच गेली.

यानंतर एसडिलीट डॅश झेड चालवलं, म्हणजे 70 जीबीतला जुना कचरा शून्य झाला. डिस्क फिक्स्ड असल्यामुळे फाइल फुगायचा प्रश्न नव्हता. व्हीएम शटडाउन.

कॉपी, आणि माझी ती रात्र

80 जीबीची नवीन डायनॅमिक व्हीडीआय बनवली, बाहेरच्या हार्डडिस्कवर, कारण एसएसडीवर जागाच नव्हती. ती व्हीएमला त्याच साटा कंट्रोलरवर दुसऱ्या पोर्टला जोडली. जीपार्टेड लाइव्हची आयएसओ सीडी म्हणून लावली आणि त्यातून मशीन चालू केलं. ही लिनक्सची छोटी सिस्टिम आहे, फुकट आहे, विंडोज झोपलेलं असताना काम करते.

इथे डीडी नावाची कमांड वापरायची. आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. लिनक्समध्ये डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी असतात. माझ्या त्या रात्री अकरा वाजले होते, सकाळी नऊला बॅच, आणि मी आयएफच्या जागी नवीन कोरी डिस्क लिहिली आणि ओएफच्या जागी भरलेली. कमांड काही विचारत नाही. "नक्की ना?" वगैरे काही नाही. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा तिने इमानदारीत माझ्या डेटावर कॉपी केला. बॅकअप? "उद्या घेऊ" असं ठरलं होतं. सकाळी बॅचला मी तोंडी शिकवलं.

तेव्हापासून मी कमांड लिहिण्याआधी डिस्कची यादी काढतो आणि आकार मोठ्याने वाचतो. काकांच्या दुकानात पण वाचला: एसडीए 300, एसडीबी 80. तीनशेवरून ऐंशीवर. काकांना कमांड वाचायला लावली, त्यांना इंग्रजी अक्षरं येतात एवढंच, पण दुसरे डोळे ते दुसरे डोळे. मग एंटर.

80 जीबी भरले की डीडी एरर देतं, जागा संपली म्हणून. इथे दचकू नका, तेच अपेक्षित आहे. पहिल्या 80 मध्ये ईएफआय, राखीव आणि 70 चा सी ड्राइव्ह पूर्ण आलेला आहे. पुढे नुसती मोकळी जागा होती.

आता नव्या डिस्कवरचा जीपीटी तक्ता अजून समजतोय की आपण 300 चे आहोत, आणि शेवटची जादा प्रत जाग्यावर नाही. त्यासाठी जीडिस्क, नवीन डिस्कवर. उघडताच ते कुरकुर करेल की डिस्क हेडरमध्ये लिहिल्यापेक्षा लहान आहे. बरोबरच आहे. एक्स दाबून एक्स्पर्ट मेन्यू, ई दाबून जादा प्रत नव्या टोकाला आणायची, पी दाबून पार्टिशन तीनही दिसतात का बघायचं, आणि मग डब्ल्यू दाबून लिहायचं. एमबीआर असेल तर ही पायरी लागतच नाही, कारण तिथे टोकाला प्रत नसते.

पहिलं चालू करणं

शटडाउन. जीपार्टेडची सीडी काढली. जुनी डिस्क व्हीएममधून वेगळी केली, फाइल डिलीट केली नाही, फक्त वेगळी केली. नवीन डिस्क जुनीच्याच पोर्टवर लावली. पहिल्यांदा चालू करताना दोन्ही डिस्क एकत्र ठेवायच्या नाहीत. दोघींचा ओळख क्रमांक एकच आहे, विंडोजला जुळी भेटली की ते एकीला बंद करतं किंवा तिचा क्रमांक बदलतं. म्हणजे सांभाळून आणलेलं सगळं वाया.

काकांचं मशीन पहिल्या झटक्यात उठलं. तुमचं नाही उठलं तर आधी बूट रिपेअरच्या कमांडकडे धावू नका. स्क्रीनवर "नो बूटेबल मीडियम फाउंड" असं आलं आणि तुम्ही नवीन व्हीएम बनवून त्यात डिस्क लावली असेल, तर सिस्टिम सेटिंगमध्ये ईएफआयची खूण राहिलीय का बघा. निम्म्या वेळा एवढंच असतं. निळ्या स्क्रीनवर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" आलं तर कंट्रोलर बदललाय का बघा, साटाची डिस्क आयडीईला लावली असेल. म्हणूनच मी म्हणतो, नवीन व्हीएम बनवूच नका, जुन्याच व्हीएममध्ये डिस्क बदला. मॅक ॲड्रेसही तोच राहतो.

हे सगळं बरोबर असून बूट मॅनेजर एररच देत असेल, शेवटी शून्य शून्य शून्य ई असा काहीतरी कोड, तर वही नव्याने लिहायची. विंडोजच्या इन्स्टॉलेशन आयएसओने चालू करा, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट एफ10, कमांड प्रॉम्प्ट येतो. डिस्कपार्टने 100 एमबीच्या ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्या, विंडोजचं पार्टिशन कुठल्या अक्षराखाली आलंय ते बघा कारण इथे ते सी असेलच असं नाही, आणि मग बीसीडीबूट कमांड: विंडोज फोल्डरचा पत्ता, स्लॅश एस एस कोलन, स्लॅश एफ यूईएफआय. बूटरेक फिक्सबूटच्या मागे लागू नका. यूईएफआयवर ते बऱ्याचदा "ॲक्सेस डिनाइड" म्हणून तोंडावर पडतं आणि लोक तिथेच रात्र घालवतात.

एक गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती

विंडोज उठलं, काका खूश, बिलिंग सॉफ्टवेअर उघडलं आणि वर पाटी: डेमो व्हर्जन.

झालं काय, तर व्हर्च्युअलबॉक्स डिस्कचा सीरियल नंबर फाइलच्या यूयूआयडीवरून बनवतं. नवीन फाइल म्हणजे नवीन यूयूआयडी, म्हणजे नवीन सीरियल. विंडोजला फरक पडत नाही, पण या सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कच्या सीरियलला बांधलेलं होतं. त्याला वाटलं, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर आलोय. डेटा सगळा दिसत होता, प्रिंट मात्र निघत नव्हती. आणि सीएला तर प्रिंटच हवी होती.

ती रात्र जुन्या डिस्कवर भागवली. जुनी डिस्क परत जोडली, तिचं लायसन्स शाबूत, आणि काकांना हवी ती बिलं पीडीएफ करून घेतली. जुनी फाइल डिलीट केली नव्हती म्हणून. सोमवारी काकांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, खरेदीचं बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांनी नवीन की दिली. काकांनी ते बिल जपून ठेवलं होतं हे नशीब. तुम्ही हे काम काढण्याआधी लायसन्सचं बिल आणि सपोर्टचा नंबर शोधून ठेवा, आणि काम शनिवारी रात्री नको, सपोर्ट चालू असेल अशा दिवशी करा. जीएसटीच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास तर अजिबात नको.

नंतरची किरकोळ कामं: पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर परत चालू, रीएजंटसी स्लॅश इनेबल, सी ड्राइव्हवर चेकडिस्क, मोकळे 10 जीबी एक्सटेंडने सी ड्राइव्हला जोडले. बंद करून एकदा कॉम्पॅक्ट. सगळं झाल्यावर फाइल 41 जीबी. आठवडाभर काकांनी बाहेरच्या हार्डडिस्कवरूनच ती चालवली, मग एसएसडीवरची 300 जीबीची काढली आणि व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमधून मूव्ह करून नवीन फाइल तिथे आणली. एक्सप्लोररमधून कट-पेस्ट केलं तर व्हर्च्युअलबॉक्स जुन्याच जागी शोधत बसतं, म्हणून मूव्ह तिथूनच.

पहिल्या रात्रीची 300 जीबीची कॉपी मात्र अजून त्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे. काकांनी तिच्यावर स्केचपेनने लिहून ठेवलंय, "मार्च 2027 पर्यंत पुसू नये", आणि ती गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात असते. पुढच्या व्हिडिओत त्या रोजच्या झिप बॅकअपचं काय करायचं ते बघू, कारण 80 जीबी पण कधीतरी भरणारच आहेत.